मधला आकडा

२ सप्टेंबर

जावईबापूंस नमस्कार.

आशीर्वाद या पत्रात नाही. तो टायर बदलल्यावर मिळेल.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही 'हो अण्णा, बरोबर अण्णा' म्हणता आणि मग स्वतःचंच खरं करता. कागद पुन्हा वाचता येतो. तुम्ही गणिताचे मास्तर, वाचायची सवय असेलच.

मुंगीने परवा नर्सच्या नव्या गणवेशातला फोटो पाठवला. तिची आई तो छातीशी धरून घरभर फिरली. "बघा तरी, पोरगी कशी दिसते!" मी पोरीकडे नंतर बघितलं. आधी तिच्यामागे उभ्या गाडीचं पुढचं चाक बघितलं. ती गाडी बारा वर्षं माझ्या हाताखाली होती, तीन वर्षांपूर्वी मी ती मुंगीला दिली. त्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये माझी दोन बोटं जायची, तिसरं अडायचं. फोटोत तीन बोटं आरामात जातील. उगाच आळ नको म्हणून कंपास घेतला, रिम बारा इंचांची आहे, तिच्यावरून प्रमाण धरलं आणि मोजलं. फट चौदा-पंधरा मिलिमीटर वाढली आहे. म्हणजे माझे १४५/८० काढून तुम्ही १४५/७० घातलेत. खोटं असेल तर तसं लिहा.

हे आकडे म्हणजे काय ते सांगतो, कारण सांगितल्याशिवाय तुम्हाला गुन्हा कळायचा नाही. १४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. मधला आकडा उंचीचा, पण तो मिलिमीटर नाही, रुंदीचे शेकडा किती ते. एकशे पंचेचाळीसचे ऐंशी टक्के एकशे सोळा, सत्तर टक्के एकशे एक आणि वर अर्धा. आर म्हणजे रेडियल. त्रिज्या नव्हे, शिकलेली माणसं हमखास इथे पडतात. शेवटचे बारा म्हणजे रिम, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! ज्याने ही लिहायची पद्धत काढली तो महिनाभर माझ्या हाताखाली असता तर सुधारला असता.

त्याच्यापुढे भाराचा आकडा असतो. माझ्या टायरवर चौऱ्याहत्तर, म्हणजे एक चाक तीनशे पंचाहत्तर किलो पेलतं. तुमच्या टायरवर एकोणसत्तर असेल. तीनशे पंचवीस. चार चाकांत मिळून दोनशे किलोंचा आधार तुम्ही काढून घेतलात. आणि माझी मुलगी त्या गाडीत आजारी माणसं घालून डोंगर उतरते.

पंधरा तारखेला गाडीची वार्षिक तपासणी आहे. फिरत्या परिचारिकेकडे स्वतःची, पास झालेली गाडी लागते. गाडी नापास झाली तर फिरती जागा गेली, तिला परत वॉर्डात बसवतील. सहा वर्षं तिने त्या जागेसाठी घासली आहेत. तुमच्या हौशीपायी ती जाता कामा नये.

पंधराच्या आत १४५/८० आर १२ बसवून घ्यावेत. चारही.

अण्णा

---

६ सप्टेंबर

ती. अण्णांस साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. सवय आहे.

टायर मीच बदलले. जुन्यांची हालत ठीक नव्हती. दुकानदाराने आपल्या यादीत गाडीचं मॉडेल बघितलं आणि हेच टायर लागतात म्हणाला. मी हो म्हटलं. दिसायलाही बरे वाटले. यात गुन्हा कुठे झाला ते मला दोनदा वाचूनही कळलं नाही.

टक्केवारी समजावून सांगितल्याबद्दल आभार. ती मी सातवीला शिकवतो. तुमचंच गणित पुढे नेतो. तुमचा टायर एका फेऱ्यात सोळाशे शहाऐंशी मिलिमीटर जातो, हा पंधराशे पंचाण्णव. वेगाचा काटा फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. म्हणजे दोन्हींपैकी एका टायरवर काटा खोटं बोलतो. कोणत्या, ते कारखान्याने गाडी कोणत्या टायरवर बाहेर काढली त्यावर ठरणार. ऐंशी हा आकडा तुम्ही कुठून घेतलात? उत्तर बरोबर असेल तरी रीत दाखवावी लागते, असं मी मुलांना सांगतो. तुम्हालाही सांगतो, राग मानू नका. मानलात तरी चालेल, आशीर्वाद तसाही अडकलेलाच आहे. मी मुलांची प्रगतिपुस्तकंसुद्धा अशी अडवून ठेवत नाही.

एक विनंती. मुंगीला या पत्रांमध्ये ओढू नका. तिच्या डोक्याला सध्या पुरेसा ताप आहे.

आईंना नमस्कार.

तुमचा जावई

---

९ सप्टेंबर

जावईबापूंस,

'दिसायलाही बरे वाटले'! टायर आहे की दिवाणखान्यातला पडदा?

आणि 'मीच बदलले' म्हणता. तीन वर्षांत तुम्ही त्या गाडीला एकदा हात लावलात, हवा भरायला. त्यात व्हॉल्वचं टोपण हरवलंत. तेव्हा 'मी' कमी लिहा.

रीत हवी ना? घ्या.

मी चौथी नापास. इंग्रजी अक्षरं मला टायरने शिकवली. पोरं ए पासून सुरू करतात, मी आर पासून केलं. पंक्चरच्या टपरीपासून आजच्या दुकानापर्यंत मला एकाही मास्तराने बोट धरून आणलेलं नाही. ही गाडी मी एका कारकुनाकडून घेतली तेव्हा चारही टायर गुळगुळीत होते आणि फुटपाथला घासून घासून बाहेरची अक्षरं गेली होती. १४५ शिल्लक. मग कोरं. मग आर १२. दुसरा कोणी असता तर यादी शोधत बसला असता. मला याद्या लागत नाहीत. जिथे मधला आकडा नाही, तिथे ऐंशी. जुन्या टायरवर मधला आकडा लिहीतच नसत, कारण ऐंशी हेच चालू माप होतं, वेगळं असलं तरच लिहायचे. हा नियम मी शेकडो टायर हाताळून काढला आणि नंतर एका जाणत्याने सांगितलं की पुस्तकातही तसाच आहे. तेव्हा ऐंशी कुठून आला? इथून आला. माझ्या डोक्यातून.

तुमच्या दुकानदाराची यादी त्याच्या मालकाने छापली असेल, जे गोदामात पडून आहे ते खपवायला.

मुंगीला ओढू नका म्हणता. तिला मी कशाला ओढू? तिने गाडी चालवावी, आजारी बघावेत. टायर हा आपल्या दोघांतला विषय आहे.

आज मालट्रकने चार नवे टायर तुमच्या पत्त्यावर पाठवले आहेत. १४५/८० आर १२, या वर्षी तेविसाव्या आठवड्यात बनलेले, तारीख मी स्वतः वाचून घेतली आहे. मंगळवारी मिळतील. बसवा. आणि तुम्ही बसवणार नाही हे मी ओळखून आहे, म्हणून मी दुसरा बंदोबस्तही केला आहे. तो तुम्हाला पंधरा तारखेला कळेल.

अण्णा

---

१६ सप्टेंबर

अण्णा,

काल कळला तुमचा बंदोबस्त.

सकाळी आठला रांगेत लागले. ब्रेक पास, दिवे पास, धूर पास. मग अधिकारी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, तुमच्या गाडीविरुद्ध लेखी तक्रार आहे."

"कोणाची?"

"तुमच्या वडिलांची."

माझ्या मागचा टेम्पोवाला फिसकन हसला. "आमच्याकडे शेजारी तक्रार करतात," म्हणाला. "तुमच्याकडे घरातच सोय आहे."

अधिकाऱ्यांनी तुमचं पत्र वाचून दाखवलं. पूर्ण वाचलं, कारण तुमचं अक्षर सुंदर आहे. 'सदर गाडीचे टायर तिच्या नवऱ्याने हौसेखातर चुकीच्या मापाचे बसवले आहेत. गाडी चालवणारी माझी मुलगी असून तिला टायरमधले काही कळत नाही. तीस वर्षांच्या अनुभवाने कळवतो की ही गाडी पास करू नये.'

तिला टायरमधले काही कळत नाही.

अण्णा, आठ वर्षांची असल्यापासून मी तुमच्या दुकानात ट्यूबला पाण्यात बुडबुडे शोधले. बाराव्या वर्षी माझ्या हातात तुम्ही लोखंडी पट्ट्या दिल्यात आणि टायर रिमवरून उतरवायला लावलात. गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचात. "बघा, पोरीच्या हातात काय जोर आहे!" ती पोरगी कुठे गेली? लग्न झालं की हातातलं ज्ञान नवऱ्याच्या नावावर चढतं का? ज्याला जॅक कुठे लावायचा ते माहीत नाही त्याला तुम्ही टायरवर दोन दोन पत्रं लिहिता, आणि माझ्याबद्दल सरकारला.

टायर मी बदलले. माप मी निवडलं. त्यांनी अंगावर घेतलं ते मी सांगितलं म्हणून. का सांगितलं, तेही ऐका.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मागच्या सीटवर खुब्याचं हाड मोडलेली एक आजी आडवी होती, तिचं डोकं सुनेच्या मांडीवर. शेवटच्या उतारावर ब्रेक दाबून पूर्ण वळण घेतलं आणि पुढचा डावा टायर फुटला. गाडी दगडी कठड्याला घासत थांबली. कठड्यापलीकडे काय आहे ते मी तुम्हाला लिहीत नाही. आजी म्हणाली, "काय ग, पोचलो का?"

मी तिथेच चाक काढलं. खिळा नाही, काच नाही. टायरची आतली कड बोटभर रुंदीत कापत गेलेली, दोरे बाहेर. आत हात घालून बघितलं तर मडगार्डच्या आतल्या पत्र्याची कड घासून आरशासारखी चमकत होती. टायर मोठा होता अण्णा. तुम्ही सपाट रस्त्यावर एकटे चालवायचात, तेव्हा तो पत्र्याला पोचत नव्हता. माझ्याकडे स्प्रिंगा बसलेल्या, माणसं भरलेली, उतार. वळताना येणारा तो खर्र आवाज मी तुम्हाला तीन वर्षं सांगत होते. तुम्ही म्हणालात, "प्लॅस्टिक सैल असेल, क्लिप लाव." मी नऊ क्लिपा लावल्या.

मग ड्रायव्हरच्या दाराचा खांब खरवडला. गाडी घेतल्या घेतल्या तुम्ही ती हौसेने रंगवलीत, खांबावरच्या कारखान्याच्या पाटीसकट. रंगाखाली ठोकलेले आकडे आहेत तसे आहेत. टायर १४५/७० आर १२. पूर्ण भरलेल्या गाडीचं वजन एक हजार किलो. तीनशे पंचवीस गुणिले चार किती होतात ते तुम्हाला येतं. तेराशे. तुमचे ते दोनशे किलो कोणालाच नको होते.

हे तुम्हाला कळू नये म्हणून मी नवऱ्याला खोटं बोलायला लावलं. तुमच्या हातच्या टायरने मला जवळजवळ मारलं हे तुम्हाला सहन होणार नाही, असं मला वाटलं. काल तपासणीच्या अंगणात उभी राहून ऐकताना मला माझीच कीव आली.

आता पुढचं. पाटी दाखवली तर अधिकारी म्हणाले, "ही खरवडलेली आहे, फेरफार केल्यासारखी दिसते. एरवी मी चालवून घेतली असती, पण फाइलला तज्ज्ञाचं पत्र लागलंय." कारखान्याचा दाखला आणायचा तर दोन महिने. नाहीतर तक्रार करणाऱ्याने ती लेखी मागे घ्यायची, कारणासह. फेरतपासणी एकोणतीस तारखेला. तीसला आमच्या खात्याची यादी लागते. तोवर गाडी पास नसेल तर माझी जागा दुसरीला.

तुमचे चार टायर मालट्रकच्या गोदामात पडून आहेत. मी सोडवणार नाही.

मुंगी

---

१९ सप्टेंबर

जावईबापूंस,

तिचं पत्र मिळालं. तिला सांगा की वडिलांना असं लिहीत नाहीत.

तिला हेही सांगा की पाटीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. कारकुनाने दार बदललेलं असू शकतं. खांबसुद्धा दुसऱ्या गाडीचा जोडतात, मी पाहिलेलं आहे. बारा वर्षं मी ती गाडी चालवली, एकदाही टायर घासला नाही. टायर फुटायला शंभर कारणं असतात. दगड लागला असेल. हवा कमी असेल. तिला विचारा, हवा कधी बघितली होती.

कठड्याचं मला ऑगस्टमध्येच का कळवलं नाही, तेही विचारा. तिची आई कालपासून माझ्याशी बोलत नाही.

तपासणीवाल्यांना जे लिहिलं ते तिच्या जिवाच्या काळजीने लिहिलं. मागे घ्यायचा प्रश्न नाही. लिहिलेलं मी खोडत नाही. कारखान्याचा दाखला मागवा, दोन महिने लागले तर लागू देत.

उलट टपाली कळवा.

अण्णा

---

२२ सप्टेंबर

अण्णा,

तुमचं पत्र याच पाकिटात परत पाठवत आहे. मी ते तिला दाखवलेलं नाही, वाचूनही दाखवलेलं नाही. 'तिला सांगा', 'तिला विचारा' असं त्यात चार ठिकाणी आहे. मी मोजलं.

ती पलीकडच्या खोलीत बसते. तिला वाचता येतं. तिचं नाव आणि हाच पत्ता पाकिटावर मावतो. मी निरोप्या नाही.

दोन महिन्यांची गोष्ट कशी लिहवली तुम्हाला? तीसला यादी लागते हे तिच्या पत्रात आहे. ती आता रोज बसने फिरते आहे. परवा एका घरी पोचायला तिला चार तास लागले, आणि तिथला माणूस तोवर विव्हळत पडला होता. तो काही तुमच्या डोक्यातला आकडा ऐकायला थांबणार नव्हता.

तुम्ही माझ्यावर हौसेचा आळ घेतलात तो मी गिळला, कारण तो खोटा होता आणि मी स्वतःहून घेतला होता. हे गिळणार नाही.

टायर मोजायला तुम्ही फोटोला कंपास लावलात. ती त्याच फोटोत उभी होती.

तुमचा जावई

---

२५ सप्टेंबर

मा. तपासणी अधिकारी यांस,

आपणांस मी आठ सप्टेंबरला लिहिलेली तक्रार मागे घेत आहे. कारण खालीलप्रमाणे.

सदर गाडीचे कारखान्याने ठरवलेले टायर १४५/७० आर १२ हेच आहेत. गाडीवर सध्या तेच आहेत आणि ते बरोबर आहेत. चुकीचे टायर १४५/८० आर १२ हे होते. ते पंधरा वर्षांपूर्वी मी बसवले आणि दर वेळी झिजल्यावर तेच पुन्हा बसवत आलो. दाराच्या खांबावरची पाटी खरी आहे. तिच्यावर रंग मी चढवला. तो खरवडणे आवश्यक होते.

तक्रारीत मी असे लिहिले होते की गाडी चालवणाऱ्या माझ्या मुलीला टायरमधले काही कळत नाही. हे विधान खोटे आहे. चूक तिने शोधली, कारण तिने शोधले आणि दुरुस्ती तिने केली. तीस वर्षांचा अनुभव ज्याला होता त्याने ती चूक केली.

खातरजमेसाठी गाडीच्या मूळ टायरच्या आतल्या बाजूचा फोटो जोडला आहे.

टायर दुकानदार
(सही, अंगठा नव्हे)

---

२५ सप्टेंबर

चि. मुंगीस,

वरची नक्कल वाचलीस. मूळ पत्र आज रजिस्टरने गेलं, पोचपावती माझ्याकडे आहे.

तुला पहिलं पत्र लिहितो आहे. सासरी गेल्यापासून एकही लिहिलं नव्हतं, हे पाकिटावर तुझं नाव घालताना कळलं. हात अडला. तुझं नाव आपल्याला येतं की नाही असं वाटलं.

झालं असं. परवा माझं पत्र परत आलं. मी दुकानात आदळआपट केली, दोन गिऱ्हाइकं घालवली. तुझी आई दारात उभी राहून बघत होती. पाच दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "जगाला पत्रं लिहिताय. तो बाहेर पडलाय त्याला विचारा की."

"कोणाला?"

"त्या टायरला. कारकुनाच्या गाडीचाच आहे ना तो?"

दुकानासमोर पाने-पकडी ठेवायला जो टायर मातीत रुतलाय, तो त्याच गाडीचा मूळ टायर. पंधरा वर्षं मी त्याच्यावर पाय ठेवून उभा राहतो. घासलेली बाजू वर, चांगली बाजू खाली. पहारीने उपटला, उलटा केला, पाणी मारलं. गांडुळं निघाली, मग अक्षरं निघाली. १४५/७० आर १२. काल छापल्यासारखी.

टायरला दोन बाजू असतात, मुंगे. आकडा दोन्हींवर असतो. फुटपाथ एकच बाजू घासतो. हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. टायर उलटा करायला अर्धं मिनिट लागतं. मी तो केला नाही, कारण मला नियम माहीत होता. कोरं होतं ते झिजून कोरं झालं होतं, आणि मी ते न लिहिल्याचं कोरं समजलो. नियम बरोबर आहे, पुस्तकातही आहे. मी तो चुकीच्या टायरला लावला.

माफी मला लिहिता येत नाही. तीन कागद फाडले. तुझ्या नवऱ्याला काय लिहायचं ते तर अजून सुरूच केलेलं नाही. कठड्याचा विचार आला की मला हातातली वस्तू फेकावीशी वाटते, आणि दुकानात सगळ्या वस्तू लोखंडाच्या आहेत.

आता काम. माझी वही काढली. याच मॉडेलच्या अकरा गाड्यांना मी माझ्या नियमाने ऐंशीचे टायर घातले आहेत. दोन भंगारात गेल्या. सात इथेच आहेत, त्यांच्या दारात जाऊन मी तोंडाने सांगितलं, पाच गाड्यांचे टायर बदलून झाले, दोघींचे उद्या. एकजण म्हणाला, "मग आजवर काय करत होता?" मी म्हटलं, "शहाणपणा."

उरलेल्या दोन तुमच्या गावात राहायला गेल्या आहेत. पत्ते मागे लिहिले आहेत. हे पाकीट रात्रीच्या बसने पाठवतो, सकाळी मिळेल; मी यायला निघालो तर परवाच्या आधी पोचत नाही आणि एवढ्यात कोणी तो उतार उतरलं तर काय घ्या. तू जा. आतली कड बघ. काय करायचं ते तू ठरव, मला विचारू नकोस.

तुझा
अण्णा

---

३० सप्टेंबर

ती. अण्णांस,

काल गाडी पास झाली. अधिकाऱ्यांनी तुमचं पत्र फाइलला लावण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला वाचायला दिलं. तो म्हणाला, "असं पत्र मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय." मला ते आवडलं नाही. तुमच्यावर मी चिडलेली असले तरी तो कोण लागून गेलाय? मी कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः फाइलला लावला. आज यादी लागली. माझं नाव आहे.

राग उतरलेला नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुम्ही पास झाली म्हणजे मिटलं असं धराल. टायरचं मिटलं. 'काही कळत नाही' हे तुम्ही ज्या सहजतेने लिहिलंत, तो प्रश्न तसाच आहे. टायरबद्दल तुम्हाला खात्री होती, ती चुकली. माझ्याबद्दल तर खात्री करायचीसुद्धा गरज नव्हती, तुम्ही स्वतः शिकवलं होतंत.

पहिल्या पत्त्यावरची गाडी फार चालत नाही. टायर कोवळे आहेत, घासलेले नाहीत. बाईंना समजावून सांगितलं, त्या बदलून घेणार आहेत.

दुसरी निवृत्त पोस्टमन काकांची, ते चार दिवस परगावी होते आणि गाडी कुलपात. आज दुपारी गेले तेव्हा ते किल्ली हातात घेऊन निघालेच होते, बहिणीला वरच्या वस्तीवरून आणायला. मी चाक पूर्ण वळवायला लावलं, खाली बसून आत हात घातला. डाव्या टायरच्या आतल्या कडेला दोरे हाताला लागले. उजव्यालाही.

"ही गाडी आता हलवायची नाही," मी म्हटलं.

काका चिडले. "हे टायर कोणी बसवलेत माहीत आहे का? तीस वर्षं काढलेला माणूस आहे. तुम्ही कोण?"

"त्यांची मुलगी."

"मग त्यांना बोलवा. ते सांगतील तसं करू."

"ते चुकले होते," मी म्हटलं. "म्हणून मी आले आहे."

त्यांनी माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. बहिणीला मी माझ्या गाडीतून आणून सोडलं.

त्यांना चार टायर पाठवा. १४५/७० आर १२. बसवणार मी आहे. मालट्रकच्या पावतीवर नाव माझं घाला.

मुंगी